पद विद्यापीठाचे की प्रकल्पाचे? अर्जापूर्वी हे जाणून घ्या

संगणकशास्त्र, विदा विज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांतील ‘ज्युनिअर रिसर्च फेलो’ (जेआरएफ) आणि ‘प्रोजेक्ट असोसिएट’ पदांच्या जाहिराती उच्च शिक्षणसंस्था वर्षभर प्रसिद्ध करीत असतात. गोव्यातील पदवीधरांना ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ, फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी आणि झुआरीनगरचे बिट्स पिलानी या संस्था घराजवळच आहेत. मात्र ‘विद्यापीठात नोकरी लागली’ या समजुतीने खासगी कंपनीतील कायम नोकरी सोडणाऱ्याची फसगत होऊ शकते. कारण यांतील बहुतेक पदे विद्यापीठाची नसतात, प्रकल्पाची असतात.

केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग किंवा त्यासारखी निधी देणारी संस्था प्राध्यापकाचा संशोधन प्रस्ताव मंजूर करते. त्या निधीतच साहाय्यकाच्या मानधनाची तरतूद असते. साहजिकच प्रकल्पाची मुदत संपली की पदही संपते. जाहिरात प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात निघाली आहे की शेवटच्या वर्षात, यावर उमेदवाराचा पुढचा काळ अवलंबून असतो.

‘जेआरएफ’ हे एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना लावले जाते, हेही लक्षात घ्यायला हवे. यूजीसी-नेटमधून मिळणारी अधिछात्रवृत्ती उमेदवाराच्या नावावर असते. प्रकल्पातील जेआरएफ प्रकल्पाशी बांधलेला असतो. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांनुसार दोन्हींकडे सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता नियमानुसार वेगळा असतो.

प्रकल्पातील जेआरएफ पदासाठी अभियांत्रिकी पदवीधराकडे सहसा गेट किंवा नेटची पात्रता मागितली जाते. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. २०२४ पासून या परीक्षेत संगणकशास्त्राबरोबर विदा विज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे.

पीएचडीचा प्रवेश या नेमणुकीबरोबर आपोआप मिळत नाही. त्याची प्रक्रिया निराळी असते. म्हणून मुलाखतीत तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत: प्रकल्पाची किती मुदत उरली आहे? पीएचडीसाठी नोंदणी करता येईल का? प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधात साहाय्यकाचे नाव असेल का?

या पदांचे मोल कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. भारतीय भाषांच्या ‘वर्डनेट’ या शब्दसंबंधकोशातील कोकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले. असा कोश प्रकल्पाच्या मुदतीनंतरही संगणकीय भाषांतरासाठी उपयोगी पडत राहतो. पद तात्पुरते असले तरी त्यातून घडलेले काम आणि हाती आलेले कौशल्य टिकते. मुदत माहीत करून घेऊन, पुढची वाट आखून जो अर्ज करतो, त्याला या संधीचा खरा लाभ होतो.