पावडरचा डबा आणि गुलाबी गोळी

पालकसभा संपली की काही माता हमखास मागे थांबतात. मागच्या सभेला दुसरीतल्या एका मुलाची आई थांबली. "सर, पोरगं वाचलेलं लगेच विसरतं. दोन वेळा दुधातून पावडर देते, चारशेचा डबा आहे. आता कुठली आणू?"

आम्ही विचारले, "भाभी, शाळेत दर आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी तो घेतो का?"

"नाही सर, मीच नको म्हटलंय. सरकारी गोळी, उगाच काही झालं म्हणजे?"

रत्नागिरीत शिकवताना हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. गंमत अशी की त्या गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असते, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या घटकांतही लोह असतेच!

लोह कमी पडले की मेंदूला प्राणवायू पोहोचवणारे रक्त कमजोर होते. मूल सुस्तावते, लक्ष टिकत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दर तीन मुलांत दोन. त्यामुळे जीवनसत्त्वे आणि लोह घातलेल्या पेयाचा उपयोगच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण उपयोग किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची चाचणी घेतली. एका निवासी शाळेतील 6 ते 15 वर्षांच्या काही मुलांना 14 महिने असे पोषक घटक घातलेले पेय दिले, काहींना त्या घटकांविना. 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोषक पेय घेणाऱ्यांची एकाग्रता अधिक सुधारली. बुद्ध्यांक, स्मरणशक्ती आणि शाळेतील प्रगती यांत मात्र ठळक फरक दिसला नाही. जाहिरातीतले मूल डबा पिऊन पहिले येते, ते जाहिरातीतच.

शिवाय मेंदूची बांधणी शाळेच्या कितीतरी आधी सुरू होते. पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांची मुले 9 वर्षांची झाल्यावर पाहिले, तर ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले लक्ष आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. म्हणून घरात सून गरोदर असेल तर दूध, अंडे, मासळी आधी तिच्या ताटात पडली पाहिजे. उरलेसुरले तिला, ही रीत मोडायला हवी.

आता डब्याची मागची बाजू वाचा. काही डब्यांत 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमहून जास्त साखर असते. वर आपण आणखी चमचाभर घालतोच. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले. अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही.

आणखी एक गोष्ट. दुधातले कॅल्शियम लोह शोषू देत नाही, चहाही तेच करतो. पोट दुधानेच भरले तर मूल जेवत नाही आणि रक्त आणखी कमी होते. म्हणून लोहाची गोळी जेवणानंतर, पण दूध-चहासोबत नको.

आपल्या कोकणात पर्यायांना तोटा नाही. तारली, बांगडा, अंडे, अधूनमधून थोडी कलेजी, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी आणि जेवणावर लिंबाची फोड. लिंबामुळे लोह चांगले शोषले जाते. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. पिशवीचे दूध घेताना त्यावर '+एफ'चे चिन्ह पाहावे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेले असते. मूल सतत थकत असेल, फिकट दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

मूल आवडीने पावडर पीत असेल तर कधीतरी द्यायला हरकत नाही. मात्र ते औषध नव्हे आणि जेवणाला पर्यायही नव्हे.

त्या भाभींना आम्ही एवढेच म्हणालो, "महिनाभर डब्याचे पैसे मासळी-अंड्याला लावा, गोळी घेऊ द्या आणि रक्त तपासून घ्या." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, धाकटीलाही सोबत नेते."