गोगलगायीला न आवडणारं दगडफूल

२०२२च्या पावसाळ्यात बीड-लातूरकडे शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं बांधावर टाकून लोकांनी त्या गोळा केल्या. तेव्हा गोगलगायीची भूक काय असते, हे बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. पण त्याच बांधावरच्या काळ्या दगडांना राखाडी-पिवळट पापुद्रे धरतात. काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद. वर्षाकाठी जेमतेम मिलिमीटरभर वाढायचं आणि पळताही येत नाही. मग ते टिकतात कसे?

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्यातली बुरशी कडवट आम्लं तयार करते आणि त्यांचे बारीक स्फटिक तिच्या तंतूंवर बाहेरून साचतात. ही आम्लं खाणाऱ्यांना रोखण्यासाठी असावीत, असं ऑस्ट्रियाच्या ह्यूगो झुकाल यांनी १८९५ मध्ये सुचवलं. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्हेल्म झॉप्फ यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या गोगलगायी आम्लासकट दगडफूल खात होत्या!

१९०४ मध्ये येना इथल्या अर्न्स्ट श्टाल यांनी दगडफूल सोड्याच्या पाण्यात भिजवून आम्ल काढलं. मग आधी तोंड फिरवणाऱ्या गोगलगायी ते खाऊ लागल्या. दगडफुलावरच जगणाऱ्या जाती मात्र आम्लाला जुमानत नव्हत्या. झॉप्फ आणि श्टाल यांच्या भांडणाचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं. पण सोड्यानं आम्लाबरोबर आणखीही बरंच काही धुऊन निघतं, ही शंका उरलीच.

ती फिटायला शंभरेक वर्षं लागली. १९९६ मध्ये नॉर्वेचे सोल्हाउग आणि गाउस्ला दगडफुलाच्या उन्हापासूनच्या बचावाचा अभ्यास करत होते. वाळलेलं दगडफूल ॲसिटोनमध्ये धुतलं तर आम्ल निघून जातं, पण दगडफूल मरत नाही. पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतं, हे त्यांनी दाखवलं. हीच युक्ती वापरून २००५ मध्ये गाउस्लांनी गोगलगायींपुढे धुतलेले आणि न धुतलेले तुकडे ठेवले. बऱ्याच जातींचे धुतलेले तुकडेच जास्त कुरतडले गेले.

पुण्यात, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पटवर्धन आणि माखिजा यांच्यासारख्या अभ्यासकांना याच आम्लांचा उपयोग जाती ओळखण्यासाठी झाला. कॉस्टिक पोटॅशचा थेंब आतल्या पांढऱ्या थरावर टाकायचा. तो आधी पिवळा, मग रक्तासारखा लाल झाला, तर बहुधा सॅलाझिनिक आम्ल.