भाटीचे बाळंतपण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत राजूर हे गाव वसलेले आहे. हा मुलूख पावसाचा आणि भाताचा. येथील डांगी जनावरांचे प्रदर्शन सर्वदूर प्रसिद्ध आहे. गाय गाभण राहिली, म्हणजे अशा गावात घरातील लहानथोरांचे लक्ष तिच्याकडे लागते. तिच्यासाठी गोठ्यात कोरडी जागा केली जाते, तिचा चारा वेगळा निघतो आणि ती व्याली म्हणजे वासराला वेळेवर चीक पाजला जातो. परंतु पावसात भिजलेली एखादी बेवारशी भाटी जड पावलांनी पडवीत येऊन बसली, तर तिची दखल क्वचितच घेतली जाते. भाटी म्हणजे मांजराची मादी. भाताच्या कणगीभोवती उंदरांवर पहारा करणारा हा प्राणी वस्तुतः शेतकऱ्याचा मित्रच होय. त्याच्याविषयी थोडीशी माहिती असेल, तर अशा निराधार भाटीचे बाळंतपण घरच्या घरी सुखरूप पार पडू शकते.

भाटीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, म्हणजे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. बाहेरून आलेल्या भाटीचे किती दिवस भरले आहेत, हे नेमके सांगता येत नाही. तरी तिच्या शरीरावरून अंदाज बांधता येतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिची आचळे गुलाबी व ठसठशीत दिसू लागतात. पाचव्या आठवड्यापासून पोट वाढलेले दिसते. शेवटच्या दिवसांत पोटातील पिलांची हालचाल बाहेरूनही जाणवते. पिले मोजण्यासाठी तिचे पोट मात्र कोणीही दाबून पाहू नये. त्यामुळे पिलांना इजा होण्याचा संभव असतो.

अनोळखी भाटी भित्री असते. तिला धरण्याची घाई करू नये. रोज ठरलेल्या वेळी अन्न ठेवून दूर उभे राहावे, म्हणजे तिचा विश्वास हळूहळू बसतो. इतके करूनही तिने चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, मोठ्या माणसांना सांगावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रेबीज हा भयंकर रोग मांजरापासूनही होऊ शकतो.

मांजर म्हटले, की वाटीभर दूध डोळ्यांपुढे येते. पण पुष्कळशा मोठ्या मांजरांना गाईचे दूध पचत नाही, त्यांना हगवण लागते. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. उकडलेले अंडे, काटे काढलेली शिजवलेली मासळी, हाडे काढलेले मांस हे त्याचे खरे अन्न. त्यात तिखट, मीठ किंवा कांदा-लसूण नसावा. गर्भ वाढू लागला, की पोटात जागा कमी उरते. म्हणून एकदम पुष्कळ न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. शेजारी स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे.

यानंतरची तयारी म्हणजे जागा. भाटीला विण्यासाठी अंधुक, कोरडी, उबदार आणि वर्दळीपासून दूर अशी जागा हवी असते. तिला आरामात पसरता येईल असे एखादे लाकडी किंवा पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. त्याच्या एका बाजूस ये-जा करण्यापुरते दार कापावे. मात्र तळाशी चार बोटे उंचीचा उंबरठा ठेवावा, म्हणजे पिले बाहेर घरंगळत नाहीत. पावसाळ्यात राजूरसारख्या गावी जमीन ओलसर असते. म्हणून खोके फळीवर ठेवावे. तळाशी वर्तमानपत्रे पसरून वर जुने, धुतलेले सुती लुगडे घालावे. सुटे धागे असलेले पोते वर घालू नये, त्यात पिलांची नखे अडकतात. ही जागा फिनेलने पुसू नये, कारण ते मांजरांना विषारी असते. कुत्रे व बोके तेथे फिरकणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. हे सर्व दोन आठवडे आधीच सिद्ध असावे, म्हणजे ती जागा भाटीच्या ओळखीची होते.

वेळ जवळ आली, म्हणजे भाटी बेचैन होते. ती अंथरूण उकरते, पुनःपुन्हा अंग चाटते, अन्नाकडे पाठ फिरवते. पुढे कळा सुरू होतात. बहुधा तीन ते पाच पिले जन्मतात. दोन पिलांमध्ये काही मिनिटांपासून एखाद्या तासापर्यंत अंतर असते. प्रत्येक पिलू पातळ पडद्यात गुंडाळलेले येते. आई तो पडदा फाडते, नाळ तोडते, वार खाऊन टाकते आणि पिलाला चाटू लागते. या चाटण्यानेच पिलाचा श्वास मोकळा होतो व त्याच्या अंगात चेतना येते. या वेळी माणसांनी लांबून, गलका न करता लक्ष ठेवावे, एवढेच पुरेसे असते.

तरी काही प्रसंगी मदत लागते. वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर पडले नाही, फार रक्त जाऊ लागले किंवा भाटी गळून निपचित पडली, तर तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. पिलू ओढून काढू नये. माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. पशुवैद्याचा पत्ता आधीच विचारून ठेवणे, हा तयारीचाच एक भाग होय.

नवजात पिलू जेमतेम १०० ग्रॅम वजनाचे असते. त्याचे डोळे व कान मिटलेले असतात. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही, मग अंगातील ऊब राखणे दूरच. आईची कूस हीच त्याची शेकोटी. पहिल्या दिवशी मिळणारा चीक त्याला रोगांपासून वाचवतो. सुमारे सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. तोवर पिलांना सारखे हाताळू नये. मांजर आपली पिले सात घरी फिरवते, असे लोक म्हणतात. सात हा आकडा बोलण्यातला असला, तरी त्यामागे कारण आहे. गोंगाट झाला, परक्यांची वर्दळ वाढली किंवा जागा घाण झाली, म्हणजे तिला धोका वाटतो आणि ती पिलांना मानेच्या सैल कातडीस धरून दुसरीकडे नेते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत, ही म्हण त्यावरूनच पडली. पण भर पावसात असे स्थलांतर घडले, तर गारठ्याने पिले दगावतात. एखाद्या मुलाचे कुतूहल अशा रीतीने पिलांच्या जिवावर बेतू शकते.

चौथ्या आठवड्यापासून पिले मऊ अन्न चाटू लागतात. आठ आठवडे पुरे होईपर्यंत त्यांना आईपासून तोडू नये. तोवर त्यांच्यासाठी चांगली घरे शोधावीत. पोत्यात घालून बाजारात किंवा रानात सोडून देऊ नये. भाटी पिलांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने तिची नसबंदी करून घेणे हिताचे असते.

भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. प्राणिमात्रांवर दया करणे हे त्यांपैकी एक आहे. दया म्हणजे नुसते कुरवाळणे नव्हे. समोरच्या जिवाला काय हवे, हे जाणून तेवढे देणे आणि नको तेव्हा हात आवरणे, हीच खरी दया होय. कोरडे खोके, पोटभर अन्न आणि निवांतपणा एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या, तर उरलेले बहुतेक काम भाटी स्वतःच करते.