वाळवंटातला संडास कुणासाठी उघडतो?

परदेशवारी करून आलेला आपल्याकडचा माणूस पुलांवर बोलतो, मॉलवर बोलतो, गुळगुळीत रस्त्यांवर तर तासभर बोलतो. तिकडे लघवीला कुठे जात होतात, असे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. हा विषय 'सुसंस्कृत' समाजात काढायचा नसतो म्हणे! ज्यांच्या कित्येक पिढ्यांना दुसऱ्यांचा मैला डोक्यावरून वाहायला लावला गेला, त्यांच्या वर्तमानपत्रात मात्र हा विषय वर्ज्य असण्याचे काही कारण नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आम्ही चौघांनी जो प्रवास केला, त्यातले बाकीचे सगळे बाजूला ठेवून आज आम्ही संडासाबद्दलच लिहिणार आहोत.

गावाचे नाव कूबर पेडी. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी अ‍ॅडलेड. तिथून उत्तरेला हे गाव साधारण साडेआठशे किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाण्याइतके अंतर. पण मुंबई-नागपूरच्या वाटेत नाशिक लागते, जळगाव, भुसावळ, अकोला लागते. इकडे पोर्ट ऑगस्टा हे शहर मागे पडले की बोटावर मोजण्याइतकी ठिकाणे, आणि ग्लेन्डॅम्बो नावाच्या ठिकाणानंतर तर सुमारे अडीचशे किलोमीटर वस्तीच नाही. लाल माती, खुरटी झुडपे आणि सरळ काळा रस्ता.

आमच्यासोबतच्या ताईंनी सकाळी निघाल्यापासून पाण्याची बाटली उघडलीच नव्हती. कारण विचारले तर म्हणाल्या, "वाटेत सोय असेल-नसेल, कशाला उगाच?" ही सवय त्यांना कुणी लावली? आपल्या एसटी स्टँडांनी लावली, शाळांनी लावली, बाजाराच्या गावांनी लावली. महाराष्ट्रातली बाई प्रवासाला निघताना आधी पाणी तोडते. त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात, मुतखडे होतात, हे डॉक्टर सांगून थकले. २०११ साली मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी मुतारीच्या हक्काची मोहीम सुरू केली तेव्हा वर्तमानपत्रांनी आधी हसून घेतले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला महापालिकांना सांगावे लागले की स्त्रियांसाठी रस्तोरस्ती स्वच्छ शौचालये द्या. पण ज्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे पाणी तोडणे म्हणजे जिवाशी खेळ. आमच्या यजमानांनी गाडी थांबवली आणि ताईंना मोबाईलवर एक नकाशा दाखवला.

हा नकाशा आमच्या मते त्या देशातल्या ऑपेरा हाऊसपेक्षा अधिक पाहण्यासारखा आहे. त्याचे नाव राष्ट्रीय सार्वजनिक शौचालय नकाशा. तिथल्या केंद्र सरकारने तो २००१ साली सुरू केला. देशभरातल्या अठरा-एकोणीस हजारांहून अधिक शौचालयांची त्यात नोंद आहे: कुठे आहे, किती वाजता उघडते, चाकाची खुर्ची आत जाते का, बाळाचे लंगोट बदलायला जागा आहे का. मुक्कामाच्या गाड्या घेऊन फिरणाऱ्यांनी आपल्या गाडीतली मैल्याची टाकी कुठे रिकामी करावी, तेसुद्धा त्यात आहे. आणि हे सगळे पर्यटन खात्याच्या जाहिरातीसाठी उभे राहिलेले नाही. ज्यांचा लघवीवर ताबा राहत नाही अशा माणसांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमातून ते आले. म्हातारे, अपंग, बाळंतपणाने शरीर खिळखिळे झालेल्या बायका. यांना घराबाहेर पडता यावे म्हणून सरकारने हिशेब मांडायला सुरुवात केली. सगळ्यात अडचणीत असलेल्या माणसापासून मोजणी सुरू करायची, ही रीत आम्हांला ओळखीची वाटली. आमच्या बापाने घटना लिहिताना हीच रीत वापरली होती.

ताईंनी पाणी प्यायले. पुढच्या ठिकाणी सोय होती आणि ती नकाशात सांगितल्याप्रमाणे उघडीही होती.

आता गावाबद्दल. १९१५ साली विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडला आणि खाणवाल्यांची रीघ लागली. ओपल म्हणजे इंद्रधनुष्याचे रंग दाखवणारा मौल्यवान दगड. उन्हाची काहिली इतकी की लोक डोंगर पोखरून जमिनीखाली घरे करून राहू लागले. आजही अर्धे गाव तसेच राहते. चर्चसुद्धा जमिनीखाली आहेत. मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'कूपा पिती' या शब्दांवरून गावाचे नाव पडले. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'गोऱ्या माणसाचे बीळ' असा सांगतात. काय नेमके नाव ठेवले आहे पाहा!

लोकसंख्या दीड-दोन हजारांच्या आत-बाहेर. गावातले पहिले झाड लोखंडाच्या भंगाराचे तुकडे जोडून केले होते. ते टेकडीवर उभे आहे. आडोसा म्हणून झाड शोधाल तर ते असे. शिवाय गावाभोवती ओपलसाठी खणलेले लाखो उभे खड्डे, सरळ खाली गेलेले, बहुतेक उघडे. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत की धावू नका, मागे-मागे चालू नका, खड्ड्यात पडाल. आपल्याकडे 'जरा आडबाजूला जाऊन येतो' म्हणणारा माणूस इथे कदाचित परत येणार नाही. तेव्हा अशा गावात सार्वजनिक शौचालय ही चैन नाही.

पाण्याची गोष्ट तर विचारू नका. गावाजवळ गोडे पाणी नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या बोअरचे खारे पाणी नळाने आणतात, त्यातले मीठ काढतात आणि मग ते घरोघरी जाते. बाहेरून आलेल्यांसाठी नाणे टाकून पाणी भरायचा नळ आहे. एवढ्या महागड्या पाण्याच्या गावात मुख्य रस्त्यालगतचे शौचालय आम्हांला कोरडे, स्वच्छ आणि कुलूप नसलेले मिळाले. आत धुण्यासाठी पाणी नाही, कागद आहे. ही तिकडची रीत. आमच्यातल्या काकांनी त्यावर बरीच कुरकुर केली आणि शेवटी रिकामी बाटली भरून बरोबर ठेवली. भारतीय माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या पिशवीतली ती बाटली पाहावी.

सफाईला आलेला माणूस पन्नाशीचा होता. स्थानिक कौन्सिलची गाडी, हातात जाड मोजे, पायात बूट, लांब दांड्याचा पोछा. आम्ही बोलायला थांबलो. आधी खाणीत होतो, सुट्टीच्या दिवशी अजूनही खणायला जातो, असे म्हणाला. आम्ही विचारले, "तुमचे वडीलही हेच काम करीत का?" त्याला प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगितल्यावर म्हणाला की वडील क्रोएशियातून ओपलसाठी आले होते. पण याचा आणि संडास धुण्याचा काय संबंध? आम्ही एकमेकांकडे पाहिले. काय सांगणार? हा प्रश्न ज्या देशात सहज कळतो त्या देशातून आम्ही आलो होतो.

हे काम तिकडे नेहमी असेच सोपे होते, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात संडासाला बोलीत 'डनी' म्हणतात. भूमिगत गटारे येईपर्यंत शहरांतही बादलीचे संडास होते. ब्रिस्बेनच्या उपनगरांत तर ते १९६० च्या दशकातही होते. भरलेली बादली खांद्यावर घेऊन मागच्या बोळीने धावणारा 'डनी मॅन' जुन्या लोकांना आठवतो. सिडनीच्या जुन्या वस्त्यांमागच्या त्या बोळी आणि मुंबईच्या चाळींमागच्या घरगल्ल्या एकाच कामासाठी ठेवलेल्या. डनी मॅनची टिंगल व्हायची, मुले त्याच्यावर गाणी रचायची. पण नाताळाला लोक त्याच्यासाठी बिअरची बाटली ठेवत, आणि त्याच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बादली लिहिली जात नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये कामाची विभागणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांची जन्मावर विभागणी वेगळी, हा जो फरक दाखवला तो असा डोळ्यांनी पाहायला मिळतो. तिकडे गटारे आली आणि डनी मॅन दुसऱ्या कामाला लागला. आपल्याकडे गटारे आली तेव्हा डोक्यावरची पाटी गेली आणि तोच माणूस गटारात उतरवला गेला. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या वारसाला तीस लाख रुपये द्या असे सांगितले. उतरणारे थांबले का?

एवढे वाचून कुणी म्हणेल, झाले, गोऱ्यांच्या देशाची आरती सुरू झाली. तसे नाही. परतीच्या वाटेवर एका रोडहाऊसवर (त्याचे नाव घेत नाही) आम्ही थांबलो. रोडहाऊस म्हणजे पेट्रोल, खाणे आणि मुक्काम एकत्र असलेले ठिकाण. तिथे संडासाची किल्ली काउंटरमागे, लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली. आम्ही काहीही विकत घेतले नव्हते. ताईंनी मागितली, हसून किल्ली मिळाली. आमच्या मागे एक मूळनिवासी आजी उभ्या होत्या, बरोबर चार-पाच वर्षांचा नातू, पाय आवळून उभा. त्यांना मात्र उत्तर मिळाले की सोय फक्त ग्राहकांसाठी आहे, आधी काहीतरी घ्या. रंगाने आम्हीही काळेच! पण आमच्या गळ्यात कॅमेरा होता, आम्ही 'पाहुणे' होतो. आजी त्या जमिनीच्या मालकीण होत्या. ताई आल्या आणि किल्ली काउंटरवर न ठेवता त्यांनी सरळ आजींच्या हातात दिली. काउंटरवरचा माणूस काही बोलला नाही.

हा एका माणसाचा उद्धटपणा म्हणून सोडून देता आला असता. पण त्याच्यामागे इतिहास आहे. न्यू साऊथ वेल्समधल्या मोरी गावात १९५५ साली नगरपालिकेने ठराव करून मूळनिवाशांना सार्वजनिक पोहण्याच्या तलावात बंदी घातली होती. वाळवंटातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला १९३६ मध्ये जन्मलेला चार्ल्स पर्किन्स नावाचा मूळनिवासी तरुण सिडनी विद्यापीठात शिकत होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये तो विद्यार्थ्यांची बस घेऊन गावोगाव निघाला आणि मोरीत मूळनिवासी मुलांना घेऊन तलावाच्या फाटकावर उभा राहिला. जमावाने अंडी आणि टोमॅटो फेकले. अखेर नगरपालिकेला बंदी उठवावी लागली.

हे वाचताना महाडचे चवदार तळे कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही? १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरी तळे बंदच होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, आणि मग तळे 'शुद्ध' करण्यासाठी घागरी ओतल्या गेल्या. मोरीत ठराव विरोधात होता, महाडात ठराव बाजूने होता. दार दोन्हीकडे बंद. 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर लिहिणाऱ्याच्या मनात कोण असते आणि कोण नसते, हे पाटी वाचून कळत नाही. ऑस्ट्रेलियात १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी मूळनिवाशांना जनगणनेत न मोजण्याचे कलम काढून टाकले. त्याच देशात १४ ऑक्टोबर २०२३ ला, संसदेला सल्ला देणारी मूळनिवाशांची एक समिती घटनेत असावी की नाही यावर मत विचारले, तर सुमारे साठ टक्के लोक नाही म्हणाले आणि एकही राज्य हो म्हणाले नाही.

आणि घाण म्हणजे फक्त संडासाची नव्हे. ज्या रस्त्याने आम्ही गेलो त्याच्या आजूबाजूच्या वाळवंटात ब्रिटनने १९५३ मध्ये इमू फील्डला आणि १९५६ पासून १९६३ पर्यंत मरालिंगाला अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. इमू फील्डच्या स्फोटानंतर काळे धुके आले, असे मूळनिवासी सांगत आले. यामी लेस्टर तेव्हा लहान होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. मोठेपणी त्यांनी लोकांना जागे केले आणि १९८४ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

एवढे होऊनही १९९८ मध्ये केंद्र सरकारने ठरवले की देशातला किरणोत्सारी कचरा याच भागात पुरायचा. शहरांचा कचरा आणि वाळवंटातल्या माणसांचे अंगण! गावकुसाबाहेर काय टाकायचे असते, हे आम्हांला वेगळे सांगायला नको. त्या वेळी कूबर पेडीच्या म्हाताऱ्या मूळनिवासी बाया एकत्र आल्या. 'कूपा पिती कुंगका जुटा' हे त्यांच्या मंडळाचे नाव. कुंगका म्हणजे बाई. त्यांनी सभा घेतल्या, पत्रे पाठवली, शहरांत जाऊन आपल्या भाषेत बोलल्या. आयलीन कम्पाकुटा ब्राऊन आणि आयलीन वानी विंगफिल्ड या दोघींना २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्यांच्या मोहिमेचे नाव होते 'इराती वांती'. म्हणजे, ते विष आहे, त्याला हात लावू नका. जुलै २००४ मध्ये सरकारने तो बेत सोडून दिला.