नऊशेंच्या मागचे दीड लाख

बेर्नाल दियास हा एर्नान कोर्तेसच्या सैन्यातला साधा शिपाई. म्हातारपणी त्याने मेक्सिकोच्या स्वारीची बखर लिहिली. तीत १५१९ साली जहाजांतून आणलेल्या १६ घोड्यांची यादी आहे. कोणता घोडा कोणाचा, रंग काय, कोणता वाऱ्यासारखा पळे आणि कोणता कुचकामी, सगळे नोंदलेले. एक घोडी जहाजावरच व्याली, तेही सुटलेले नाही. याच बखरीत स्थानिक योद्धे आणि हमाल हजारांनी येतात-जातात, पण काही सरदारांची नावे सोडली, तर ते सगळे गोल आकड्यांत.

पाच-सहाशे स्पॅनिशांनी आझ्टेकांचे राज्य बुडवले, ही दंतकथा अशाच हिशेबातून उभी राहिली. त्यातला पाच-सहाशेचा आकडा खोटा नाही. कोर्तेस किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याकडे साधारण तेवढेच शिपाई होते. मे १५२१ मध्ये त्याने आझ्टेकांच्या राजधानीला, तेनोच्तित्लानला वेढा घातला, तोवर भर पडून ते नऊशेच्या आसपास झाले होते. घोडेस्वार ८६. आता त्याच कोर्तेसने आपल्या राजाला पाठवलेले पत्र उघडा. वेढा ऐन भरात असताना आपल्या बाजूने दीड लाखाहून जास्त स्थानिक लढवय्ये होते, असे तो स्वतःच लिहितो. म्हणजे एका स्पॅनिशामागे दीडशेहून जास्त माणसे. शेकड्याने काढाल तर स्पॅनिश एक टक्कासुद्धा भरत नाहीत. कोर्तेस आकडे फुगवायचा, हे गृहीत धरून दोन तृतीयांश कापून टाका. पन्नास हजार उरतात. तरीही स्पॅनिश दोन टक्क्यांच्या आतच.

ही माणसे आली कुठून? मुख्यतः त्लाश्कालाहून. आझ्टेकांनी या छोट्या राज्याला चारी बाजूंनी कोंडले होते. कित्येक वर्षे तिथे मीठ पोहोचत नव्हते, कापूस पोहोचत नव्हता. सप्टेंबर १५१९ मध्ये त्लाश्कालाने आधी कोर्तेसशीच जोरदार लढाई केली, त्याला जेरीस आणले, आणि मग थंड डोक्याने ठरवले की हा पाहुणा मारण्यापेक्षा वापरण्याजोगा आहे. किनाऱ्यावरचे तोतोनाक त्याआधीच येऊन मिळाले होते. पुढे वेहोत्सिंगोचे लोक आले, आणि आझ्टेकांचे जुने भागीदार तेश्कोकोही फुटले. ‘स्थानिक विरुद्ध परके’ ही विभागणी आपली. त्यांच्या लेखी हे शेजाऱ्यांचे जुने वैर होते आणि त्यात एक नवे हत्यार हाती लागले होते.

मला मात्र लढणाऱ्यांपेक्षा वाहणाऱ्यांचे आकडे जास्त थक्क करतात. तेनोच्तित्लान तळ्यातले शहर, म्हणून कोर्तेसला १३ लढाऊ जहाजे हवी होती. मार्तिन लोपेस नावाच्या कारागिराच्या देखरेखीखाली त्यांचे लाकूड त्लाश्कालात तासले गेले. मग जहाजांचे सुटे भाग डोंगर ओलांडून तळ्याकाठच्या तेश्कोकोला न्यायचे होते. त्या मुलखात ना बैल, ना गाढव, ना गाडी. फळ्या आणि वासे उचलायला ८,००० माणसे लागली. त्यांचे अन्न वाहायला आणखी २,०००. राखणीला दहा हजारांवर योद्धे. रांगेचे तोंड आणि शेपूट यांत दोन लीग, म्हणजे आठ-दहा किलोमीटरचे अंतर. डोक्यावर पिसांचे तुरे लावून, ढोल वाजवत ही रांग तेश्कोकोत शिरली, आणि सगळी आत यायला सहा तासांहून जास्त वेळ लागला, असे कोर्तेस सांगतो. जहाजे तळ्यात सोडण्यासाठी कालवा खणायचा होता. त्यावर रोज ८,००० माणसे, ५० दिवस. गुणाकार केला तर चार लाख मनुष्यदिवस, तेही एका कालव्यासाठी. इतिहासात ‘कोर्तेसने जहाजे बांधली’ एवढे एक वाक्य उरते!

आणि हे सगळे जेवत काय होते? माणशी दिवसाला एक किलो मका धरला आणि तळावर लाखच माणसे धरली, तर रोज १०० टन मका. एक हमाल साधारण २३ किलो वाही. म्हणजे रोज चार हजारांहून जास्त ओझी, निव्वळ मक्याची. तळ्यातल्या होड्यांनी काही भार उचलला असेल, बाकीचा माणसाच्या पाठीवर. कोर्तेसच्या मोजणीने वेढा ७५ दिवस चालला. तेवढ्या दिवसांचा मका होतो ७,५०० टन. नऊशे स्पॅनिशांना एवढा मका पिकवता, दळता किंवा वाहता आला नसता.

तोफा-घोड्यांनी आणि देवी रोगाच्या साथीने विजय मिळाला, असेही सांगतात. देवीने १५२० मध्ये आझ्टेकांचा राजा क्वित्लावाक नेला हे खरे. पण त्याच साथीत त्लाश्कालाचा माशिश्कात्सिन हा कोर्तेसचा सर्वांत भरवशाचा सरदारही गेला.

मित्र नसते तर काय झाले असते, याचे उत्तर ऐन वेढ्यातच मिळाले. ३० जून १५२१ ला स्पॅनिशांचा मोठा हल्ला फसला. डझनावारी स्पॅनिश जिवंत पकडले गेले आणि त्यांचे बळी दिले गेले. आता थोड्याच दिवसांत सगळे परके मरणार, असे आझ्टेक पुजाऱ्यांनी जाहीर केले. ते ऐकून मित्रफौजा घरी निघाल्या. दियासने या वेळी मोजून आकडे दिले आहेत: तेश्कोकोचा सरदार इश्त्लिल्शोचित्ल याच्यासोबत ४०, वेहोत्सिंगोचे ५०, त्लाश्कालाचे ८०. लाखाच्या जागी उरले १७०. घोडे होते, तोफा होत्या, १३ जहाजे होती, पण शहरात मुसंडी मारणे थांबले. शहराचे अन्नपाणी तोडा, हा सल्लाही तेव्हा इश्त्लिल्शोचित्लनेच दिला, असे दियास लिहितो. भाकीत खोटे ठरल्यावर फौजा परतल्या, आणि १३ ऑगस्टला आझ्टेकांचा नवा राजा कुआउतेमोक पकडला गेला.

पुढे १५६० मध्ये वेहोत्सिंगोच्या पंचांनी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला आपल्या नावात्ल भाषेत पत्र लिहिले. आम्ही तुमच्याशी कधी लढलो नाही, त्लाश्काला लढली. तुमच्या जहाजांसाठी लाकूड आणि डांबरही आम्ही दिले, अशी आठवण त्यांनी करून दिली. पत्राचे निमित्त करवाढीचे होते. त्यांच्यावर वर्षाला १४,८०० पेसो आणि तितकीच मापे मका बसवण्यात आला होता.