बोअरला पाणी लागले. पण ते पिण्याजोगे आहे का?

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या बेसाल्ट कातळाचा आहे. या कातळात पाणी सर्वत्र नसते. ते भेगांत, सांध्यांत आणि मुरमाच्या थरांत साठते. म्हणून अलीकडे अनेक गावांत बोअर घेण्यापूर्वी, हातावर नारळ ठेवून चालणाऱ्या पाणाड्याऐवजी, विद्युत प्रतिरोधकता सर्वेक्षण करून घेतात. हे स्वागतार्हच आहे.

यात चार लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. सळयांमधले अंतर वाढवीत गेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. अखंड कातळ विजेला मोठा विरोध करतो. पाणी धरलेला, भेगाळलेला खडक कमी. मात्र चिकणमाती आणि खारे पाणीही कमीच विरोध करतात. त्यामुळे हे निदान एखाद्या क्ष-किरण चित्रासारखे, जाणत्याने वाचावे लागते.

आपल्या घरातील वृद्धांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. पाण्यात फ्लोराइड किती, हे सर्वेक्षण सांगत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत ते खडकांतूनच पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5. याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मान आणि पाठ ताठते, सांधे आखडतात, उकिडवे बसता येत नाही. घरचे म्हणतात, ‘वय झाले, संधिवात आहे.’ बहुतेकदा ते खरेही असते. पण त्याच घरातील नातवंडांच्या दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी डाग दिसत असतील, तर पाण्याचा संशय अवश्य घ्यावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे. मूत्रपिंडे दुर्बल असलेल्यांच्या शरीरात फ्लोराइड अधिक साठते. त्यांच्याबाबतीत चालढकल नको. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण किंचित वाढते.

खारट बोअरचेही तसेच. रक्तदाबासाठी जेवणातले मीठ मोजून द्यायचे आणि तहानेला खारे पाणी, यात पथ्य कुठे राहिले?

नव्या बोअरचे पाणी स्वयंपाकघरात येण्याआधी स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. फ्लोराइड, नायट्रेट, एकूण विरघळलेले क्षार आणि जंतू या चारही तपासण्या मागाव्यात. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी.