मोटारीचे बटण घरात!

बिद्री म्हटले की साखर कारखाना आठवतो आणि कारखाना म्हटला की ऊस. दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्यात ऊस पाण्यावर उभा आणि पाणी विजेवर. शेतीची वीज पाळीने येणारी. पाळी रात्रीची असली की कर्ता माणूस बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो. वाटेत विंचूकाटा, ओल्या हाताने स्टार्टर दाबायचा, आणि तो परतेपर्यंत घरच्या माउलीच्या डोळ्याला डोळा नाही. हे सारे एका बटणासाठी! विहीर घराजवळ असेल तर ते बटण घरात आणता येते. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

२०१४ साली चीनमधील एस्प्रेसिफ कंपनीने ईएसपी ८२६६ ही वाय-फाय असलेली स्वस्त चिप आणली. २०१६ साली तिची अधिक ताकदीची बहीण ईएसपी ३२ आली. तिचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. अशा चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. नेमून दिलेले काम अहोरात्र करणारा हा चिमुकला संगणक होय.

वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान देणारा. सर्व्हर म्हटले की परदेशातील मोठमोठी कपाटे डोळ्यांपुढे येतात. परंतु साधे पान या चिपमध्येही सहज मावते. चिप स्वतःचे वाय-फाय सोडते. त्याला मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकला की ‘चालू’ आणि ‘बंद’ अशी मराठी बटणे समोर येतात. दाबले की निरोप चिपकडून रिलेला आणि रिलेकडून स्टार्टरला जातो. इंटरनेटचा पॅक नको, कंपनीचे खाते नको. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारे यंत्र त्याने सेवा थांबवली की मुके होते. हे आपल्या घरचे आहे.

मात्र बटण दाबले म्हणजे मोटार फिरली, असे नव्हे. एखादा फेज गेलेला असेल, विहिरीचे पाणी तळाला गेले असेल. म्हणून मोटारीच्या तारेवर करंट मोजणारा सेन्सर बसवावा. चिप त्याची खबर दर सेकंदाला पानावर दाखवते. हुकूम आणि खबर दोन्ही हवीत. आणखी एक नियम जीवाचा आहे: गेलेली वीज परत आली तर मोटार आपोआप सुरू होता कामा नये. त्या क्षणी कोणाचा हात पंपावर असेल, कोणी विहिरीत उतरलेले असेल!

वाय-फायला पासवर्ड हवाच. नाहीतर वाटसरूही मोटार बंद करील. मोकळ्यावरही त्याची धाव फार लांब नसते. विहीर दूर असेल तर सिमकार्डावर चालणारा स्टार्टर बरा. तीन फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते आणि साधा रिले २५० व्होल्टपर्यंतचा. तो थेट जोडू नये. ते काम परवानाधारक वायरमनचेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. देशाच्या वीज आणि पाटबंधारे धोरणाची पायाभरणी त्यांच्या खात्याने त्याच काळात केली. वीज गरिबाच्या घरी जावी, इतकेच पुरे नाही. तिची विद्याही त्याच्या मुलांकडे जावी, असे आम्हास वाटते. आयटीआयमध्ये शिकणारी आपली मुले-मुली रिले, कॉन्टॅक्टर ओळखतात. त्यांना फक्त थोडी प्रोग्रामिंगची जोड हवी.

सुरुवात मोटारीपासून करू नये. विहाराच्या अभ्यासिकेत मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड चालवून एक छोटा एलईडी दिवा पेटवावा, विझवावा, वीज घालवून पुन्हा आणून पाहावे. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर न विसंबता पारखून घ्यायला सांगितले. यंत्रालाही तीच कसोटी लावावी. कसोटीला उतरले, तरच विहिरीकडे न्यावे.